घास अडकतो तेव्हा कुठली दुर्बीण?

गणपतीत चाकरमानी गावी आले की आमच्या ओटीवर ज्या चर्चा रंगतात, त्यांत अलीकडे एक नवा विषय शिरला आहे. कोकणात कॅन्सरच्या ऑपरेशनचा रोबोट कधी येणार? मुंबईहून आलेला कुणी सांगतो की अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन आता छाती न फाडता चार-पाच भोकांतून होतं, मग आपल्या जिल्ह्याला हे का नाही? लगेच दुसरा तितक्याच ठामपणे म्हणतो, भोकातून सगळा कॅन्सर निघतच नाही, आत राहतो आणि पसरतो, हा सगळा बिल फुगवायचा उद्योग आहे. आवाज चढतात, आरतीची वेळ होते, विषय तिथेच राहतो. हीच चर्चा मी एसटीत ऐकली आहे, लग्नाच्या पंगतीत ऐकली आहे, निवडणुकीच्या दिवसांत व्यासपीठावरूनही ऐकली आहे. प्रत्येक वेळी भांडण भोक की चीर एवढ्यावरच चालतं.

मला वाटतं हे भांडणच चुकीच्या जागी मांडलेलं आहे. अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये दुर्बिणीची शस्त्रक्रिया चांगली आहे, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. पण ती जिल्ह्याजिल्ह्यात आणा ही मागणी रुग्णाच्या हिताची नाही. कोकणाला आज तातडीने हवी आहे ती दुर्बीण वेगळी. आपल्या भाषेत दोन अगदी निराळ्या गोष्टींना एकच शब्द आहे. छातीत-पोटात भोकं पाडून ऑपरेशन करतात ती दुर्बीण (रोबोट हे तिचंच पुढचं रूप), आणि तोंडातून घशाखाली सोडून अन्ननलिका आतून बघतात तीही दुर्बीणच. पहिलीसाठी वर्षानुवर्षं घडलेला चमू लागतो. दुसरी दहा-पंधरा मिनिटांची तपासणी आहे. आपण पहिलीसाठी घसा कोरडा करतो आणि दुसरीचा उल्लेखही करत नाही.

आधी न्याय पहिलीला. अन्ननलिका ही जेमतेम पंचवीस सेंटिमीटरची नळी, पण ती जाते कुठून ते पाहा. मान, छाती, पोट अशा तीन प्रदेशांतून, श्वासनलिकेच्या आणि हृदयाच्या मागून, महारोहिणीला चिकटून. फ्रान्झ टोरेक या सर्जनने १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये ६७ वर्षांच्या एका बाईची छातीतली अन्ननलिका पहिल्यांदा यशस्वीपणे काढली. जोडायला काही उरलं नव्हतं, म्हणून मानेतल्या भोकापासून पोटातल्या भोकापर्यंत शरीराबाहेरून रबराची नळी लावली. त्या नळीतून खात ती बाई पुढे बारा-तेरा वर्षं जगली. १९४६ साली आयव्हर लुईस यांनी पोट आणि उजवी छाती उघडून, जठरच वर ओढून जोडायची पद्धत मांडली. आज जठराची नळी करून ती छातीत किंवा मानेत जोडतात. पण त्यासाठी बरगड्यांमधून छाती उघडावी लागायची, आणि त्या जखमेच्या वेदनेने माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, बेडका साठतो, न्यूमोनिया होतो. आयुष्यभर विडी ओढलेल्या माणसाच्या फुप्फुसात आधीच काय बळ उरलेलं असतं?

दुर्बिणीने फरक पडला तो नेमका इथे. २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात टाइम नावाच्या युरोपीय चाचणीचे निष्कर्ष आले. ज्यांची छाती उघडली अशा ५६ जणांपैकी १६ जणांना पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसाचा संसर्ग झाला. दुर्बिणीने केलेल्या ५९ पैकी ५ जणांना. फ्रान्समधल्या मिरो चाचणीत २०७ रुग्ण होते. तिथे फक्त पोटाचा भाग दुर्बिणीने केला, छाती उघडलीच, तरीही मोठ्या गुंतागुंतींचं प्रमाण ६४ टक्क्यांवरून ३६ वर आलं. म्हणून ‘हे बिल फुगवायचं काम’ म्हणणाऱ्यांना मी सांगेन, हे आकडे कुठल्या कंपनीच्या जाहिरातीतले नाहीत.

पण त्यांची शंका मला हसण्यावारी न्यायची नाही, कारण तिच्या मागे खरा इतिहास आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये हीच दुर्बीण जगभर उत्साहाने वापरली गेली. मग २०१८ साली ६३१ स्त्रियांची चाचणी प्रसिद्ध झाली. साडेचार वर्षांनी रोग न उलटलेल्या स्त्रिया उघड्या शस्त्रक्रियेत ९६.५ टक्के होत्या, दुर्बिणीच्या गटात ८६. लहान भोकाने जीव जास्त गेले. त्यामुळे भोकातून कॅन्सर नीट निघतो का हा प्रश्न अडाणी नाही, तो विचारायलाच हवा. फक्त त्याचं उत्तर अवयवागणिक वेगळं येतं. अन्ननलिकेत ते तपासलं गेलं: टाइम चाचणीच्या रुग्णांकडे तीन वर्षांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा जगण्याच्या बाबतीत दुर्बिणीचा गट मागे पडलेला नव्हता. मिरोतही नव्हता.

उलट्या दिशेची चूकही सर्जनांनी केलेली आहे, आणि ती जास्त काळ टिकली. हॉल्स्टेड या अमेरिकन सर्जनच्या काळापासून स्तनाच्या कॅन्सरला जितकं जास्त कापाल तितकं बरं, अशी श्रद्धा होती. स्तन, छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं काढायचे. १९७०च्या दशकात बर्नार्ड फिशर यांनी सुरू केलेल्या चाचण्यांनी दाखवून दिलं की एवढं कापून आयुष्य वाढत नाही. तोवर कितीजणींचे हात आयुष्यभर सुजून राहिले असतील? चीर मोठी की लहान हा तत्त्वाचा प्रश्न कधीच नव्हता. मोजून बघायचा प्रश्न होता.

आता रोबोट मागणाऱ्यांकडे येतो. त्यांचं म्हणणं मला आतून पटतं, कारण मी याच मातीतला आहे. कोकणी माणसाने परळला किती पिढ्या जायचं? आधी गिरणीसाठी गेला, लालबाग-परळच्या चाळींत गावकीच्या खोल्या झाल्या, एका खोलीत वीस-वीस वळकट्या. गिरण्या गेल्या, पण त्याच खोल्यांत नंतर गावाकडून आलेले आजारी उतरू लागले, कारण टाटा हॉस्पिटल तिथून चालत अंतरावर. ज्यांना खोली नाही ते दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागेसाठी ताटकळतात. १९४१ साली उघडलेल्या त्या एका रुग्णालयाच्या दारात देशभरचा माणूस उभा असतो. महामार्गाचं रुंदीकरण वर्षानुवर्षं चालू आहे, आणि घास न उतरणारा माणूस त्या रस्त्याने रात्रभर हिंदकळत जातो. कितीतरी जण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जाणंच सोडून देतात. हा अन्याय आहे, आणि तो अन्याय म्हणून बोलला गेला पाहिजे.

दुसरा मुद्दाही वजनदार आहे: सुरुवातच केली नाही तर शिकणार कधी? डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, तेव्हा तेही श्रीमंतांचं खूळ ठरवलं गेलं होतं. आज तालुक्याच्या गावातही पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीने होतं. मग अन्ननलिकेचं का होऊ नये?

फरक संख्येचा आहे. पित्ताशयाचे खडे घरोघरी. त्या ऑपरेशनवर सर्जनचा हात महिन्याभरात बसायला लागतो. अन्ननलिकेचं तसं नाही. युरोपातल्या चार नामांकित केंद्रांमधल्या ६४६ रुग्णांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. दुर्बिणीच्या या शस्त्रक्रियेत हात पूर्ण बसायला तिथे ११९ ऑपरेशनं लागली. शिकण्याच्या काळात जोड फुटून गळण्याचं प्रमाण १८.८ टक्के होतं, हात बसल्यावर ते ४.५ वर आलं. जोड छातीत गळणं म्हणजे काय? खाल्लेलं, लाळ, पित्त फुप्फुसाच्या शेजारी झिरपू लागतं. ताप येतो, श्वास लागतो. अशा वेळी रात्री दोन वाजता ओळखणारा डॉक्टर हवा, लगेच सीटी स्कॅन हवा, नळी घालून पू काढणारा हवा, अतिदक्षता विभागात जागी असलेली, अनुभवी सिस्टर हवी. मोठ्या केंद्रात गुंतागुंत होत नाही असं नाही. तिथे ती वेळेत सापडते आणि माणूस वाचतो. अमेरिकेत २००२ साली वृद्ध रुग्णांचे आकडे तपासले गेले: वर्षाला दोनपेक्षा कमी अन्ननलिका काढणाऱ्या रुग्णालयांत २०.३ टक्के रुग्ण दगावत होते, एकोणीसपेक्षा जास्त काढणाऱ्यांत ८.४ टक्के. यात भोक आणि चीर यांच्यातला फरक कुठेच नाही. ऑपरेशन किती वेळा केलं जातं, एवढ्यानेच मृत्यू निम्म्याहून कमी झाले.

आपला हिशेब मांडून पाहू. २०११च्या जनगणनेत रत्नागिरीची लोकसंख्या सोळा लाख, सिंधुदुर्गची साडेआठ. भारतात अन्ननलिकेचा कॅन्सर वर्षाला लाखामागे साधारण पाच जणांना होतो. म्हणजे आपल्या दोन जिल्ह्यांत मिळून वर्षाला सव्वाशेच्या आसपास माणसं. त्यांतले कितीतरी येतात तेच रोग पसरल्यावर. चौथा हिस्सा ऑपरेशनजोगा धरला तर तीस. हे तीसच्या तीस एका ठिकाणी, एका चमूकडे आले, तर ११९ व्हायला चार वर्षं लागतील. तीन रुग्णालयांत वाटले गेले तर बारा. आणि ते वाटले जाणारच, कारण काही मुंबईला जातील, काही कोल्हापूरला, सावंतवाडी-दोडामार्गचे गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात. बारा वर्षांचा तो शिकाऊ काळ कुणाच्या छातीवर जाणार? ज्याला मुंबईला जायला पैसे नाहीत त्याच्याच.

म्हणून मला नेदरलँड्सची आठवण करून द्यावीशी वाटते. कोकणासारखाच पाण्याच्या काठावरचा, पण श्रीमंत देश. कुठलंही गाव रुग्णालयापासून फार लांब नाही. त्यांना प्रत्येक शहरात रोबोट ठेवणं परवडलं असतं. त्यांनी नियम केला की वर्षाला किमान दहा अन्ननलिका काढत नसाल तर हे ऑपरेशन करायचं नाही, आणि २०११पासून ती मर्यादा वीस केली. गावागावांतल्या सर्जनांना ते आवडलं असेल का? तरीही केलं. आणि हे फक्त महानगरालाच जमतं असंही कुणी समजू नये. कोइंबतूरच्या डॉ. सी. पलानिवेलू यांनी रुग्णाला पालथं झोपवून दुर्बिणीतून अन्ननलिका काढण्याच्या पद्धतीचा १३० रुग्णांवरचा अनुभव २००६ सालीच मांडला, तो जगभर वाचला गेला. कोइंबतूर काही देशाची राजधानी नाही. पण तिथे एका चमूच्या हाताखालून १३० माणसं गेली होती. उद्या अख्ख्या कोकणासाठी एकच केंद्र ठरलं, सगळे रुग्ण तिथेच पाठवायचं ठरलं आणि त्याचे मृत्यूचे आकडे दरवर्षी जाहीर होणार असतील, तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. आज मागणी तशी नाही. आज प्रत्येक आमदाराला आपल्या मतदारसंघात यंत्र हवं आहे, फीत कापायला.

आणि आता मूळ दुखण्याकडे. देवगड तालुक्यातली माझी थोरली आत्या वर्षानुवर्षं मिसरी लावायची. सत्तरीला आली तेव्हा जेवताना पाणी पिऊन घास ढकलू लागली. ‘भाताचो घास अडाकता रे, पेज बरी उतारता,’ असं ती मला एकदा म्हणाली होती. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. इथेच कोकणाची एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, जी कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात सापडणार नाही. या रोगाचं पहिलं लक्षण म्हणजे घट्ट अन्न अडकणं. पातळ तोवर सहज जातं. पोळी-भाकरीच्या मुलखात माणूस भाकरी सोडून दूध मागू लागला की घराच्या ध्यानात येतं. आमच्याकडे म्हातारं माणूस पेजेवर आलं तर त्यात नवल कसलं? सकाळी पेज, दुपारी मऊ भात, रात्री पुन्हा पेज, आजारी असो वा धडधाकट. आमचं सगळ्यात पचनी पडणारं अन्न या रोगाला लपवून ठेवतं. सात महिने आत्या पेजेवर होती. पित्ताच्या गोळ्या झाल्या, काढे झाले, एका दवाखान्यात सलाइनही लावलं. घशाखाली बघूया असं कुणी म्हटलं नाही. शेवटी मुंबईत एन्डोस्कोपी, म्हणजे ती घशातली दुर्बीण, झाली तेव्हा नळी जवळजवळ बंद होती आणि यकृतात गाठी होत्या. पोटाला नळी घातली, त्यातून गाळलेली नाचणीची आंबील देत होतो. त्या अवस्थेत तिच्यासमोर जगातला सर्वांत निष्णात सर्जन आणि सर्वांत महाग रोबोट आणून उभा केला असता तरी त्यांनी काय केलं असतं?

म्हणून माझा आग्रह दुसऱ्या दुर्बिणीचा आहे. कळंबणी, कामथे, कणकवली, सावंतवाडी इथल्या उपजिल्हा रुग्णालयांत ठरलेल्या वारी एन्डोस्कोपी व्हायला हवी, आणि घास अडकतो असं म्हणणाऱ्या पन्नाशीपुढच्या माणसाला पंधरा दिवसांत ती मिळायला हवी. तपासणीत आयोडिनचं पाणी शिंपडलं की निरोगी आतलं आवरण तपकिरी होतं, रोगट जागा फिकी राहते आणि तिथून नमुना घेता येतो. रोग अगदी वरच्या थरात असताना सापडला तर छाती-पोटाला हात न लावता, तोंडातून सोडलेल्या त्याच दुर्बिणीने तो खरवडून काढता येतो. ‘कमी चिरफाड’ म्हणून आपण ज्यासाठी भांडतो आहोत, त्यातली सर्वांत कमी चिरफाड ही आहे, आणि ती फक्त लवकर येणाऱ्याच्या वाट्याला येते.

यावर कुणी म्हणेल, निदान इथे करून पुन्हा मुंबईलाच पाठवायचं ना, मग अन्याय कुठे मिटला? प्रश्न रास्त आहे. पण या रोगाच्या उपचारात एकदाच होणारं काय आणि पुन्हा पुन्हा होणारं काय, ते वेगळं काढून पाहायला हवं. ऑपरेशन एकदा. त्याआधी किरणोपचार मात्र, नेदरलँड्समधल्या क्रॉस चाचणीच्या पद्धतीने, पाच आठवड्यांत २३ वेळा, आणि सोबत दर आठवड्याला केमोथेरपी. त्या चाचणीत आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या प्रकारच्या रुग्णांचं मध्यम आयुष्य (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जगले तो काळ) नुसत्या ऑपरेशनने २१ महिने होतं, आधी हे उपचार दिल्यावर जवळजवळ ८२ महिने झालं. एवढी मजल कुठल्याही भोकाने मारलेली नाही. २०२५ साली आलेल्या सानो चाचणीने तर दाखवलं की या उपचारांनी रोग पूर्ण विरघळलेल्या काही रुग्णांचं ऑपरेशन पुढे ढकलून, वारंवार दुर्बिणीने तपासत राहणंही सुरक्षित ठरू शकतं. वारंवार म्हणजे पुन्हा तीच घशातली दुर्बीण. ऑपरेशननंतर जोड आवळला तर तो रुंद करायला तीच. शिवाय ऑपरेशनआधी वजन वाढवणं, विडी सोडवणं, तीन चेंडूंच्या यंत्रावर फुप्फुसाचा व्यायाम, नंतर थोडं थोडं सहा वेळा जेवायला शिकवणं. यातलं काय परळला करायची गरज आहे? जे एकदाच होतं त्यासाठी कितीही लांब जावं. जे पुन्हा पुन्हा लागतं ते एसटीच्या एका तिकिटाच्या अंतरावर असावं. महात्मा फुले योजनेत आता पाच लाखांपर्यंतचा खर्च मिळतो, पण मुंबईत पाच आठवडे राहायचा, सोबत आलेल्या मुलाच्या बुडालेल्या मजुरीचा खर्च कोण देतं?

हे जमण्यासारखं आहे. डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने टाटा मेमोरियलच्या साथीने याच भागात गावोगाव फिरून स्त्रियांच्या कॅन्सरची तपासणी केली, घाटी-खाडी ओलांडून वाड्यांपर्यंत माणसं पोचली. अलिबाग, रत्नागिरी, सिंधुदुर्गनगरी इथे आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. एन्डोस्कोपी शिकलेले हात तिथून उपजिल्हा रुग्णालयांत का येऊ नयेत?

सुपारीबद्दल दोन शब्द, जरी ते आमच्याकडे कुणाला आवडत नाहीत. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीवर घरं उभी राहिली आहेत, आमच्याही आगरात पोफळी आहेत. गुटखा राज्यात २०१२ साली बंद झाला म्हणून आपण निर्धास्त झालो. पण तंबाखू न घालता सुपारीचं पान चघळलं तरी तोंडाचा आणि अन्ननलिकेचा कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने नोंदवून ठेवलं आहे. पानाचं तबक पुढे करताना मी आता थांबतो. पाहुण्यांना ते विचित्र वाटतं.

यंदाच्या गणपतीत ओटीवर हा विषय निघणारच. तेव्हा नुसता रोबोट-रोबोट नको म्हणून मी मुंबईच्या दोघा चुलतभावांना फोनवर सांगून ठेवलं आहे: येताना कणकवलीला उतराल तेव्हा उपजिल्हा रुग्णालयात जाऊन विचारून या, इथे घशातून दुर्बीण घालून तपासणी आठवड्यातून किती दिवस होते आणि आज नाव लिहिलं तर कितव्या दिवशी नंबर लागतो.